गुडघ्याखालची उशी

अन्याय झाला तो वच्छला मावशीवर. दिवाळीच्या आदल्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीसमोर. वर्ष वेगळं सांगत नाही. ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला आणि फवारणीच्या विषानं फवारणारी माणसं आडवी पाडली, ते वर्ष आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कुणीही सांगेल. त्या वर्षी मेलेली माणसं कागदावर आली, निदान काही तरी आली. मावशी मेली नाही. तिचा फक्त एक गुडघा गेला, आणि गुडघ्याचा पंचनामा होत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. आमच्या बौद्धपुऱ्यात विहाराला लागून तिचं घर आणि तिच्या घराला लागून आमचं. वय पन्नाशीच्या पुढे. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी नांदायला गेलेली. शाळेत खिचडी शिजवायची आणि हंगामात कापूस वेचायला जायची. पण ही ओळख गावातल्या दहा जणींची होऊ शकेल. मावशीची खरी ओळख तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट. रोज तांबडं फुटायला ती ते बूट घालायची, पदर कमरेला खोचायची आणि मारेगाव रस्त्याच्या फाट्यापर्यंत हात हलवत भराभर जाऊन यायची. मग विहारासमोर विहिरीच्या जुन्या दोराच्या शंभर उड्या. मध्ये कुणी काही विचारलं की थांबायची. "टोकलं का? आता पुन्हा एकपासून." आणि खरंच एकपासून मोजायची. सत्त्याण्णववर टोकलं तरी एकपासून.

शाळेत असताना ती खो-खो खेळायची. तालुक्याला संघ गेला तेव्हा हिचं लग्न ठरलेलं होतं, म्हणून संघ हिच्याशिवाय गेला. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, तीही बुटाची नाडी बांधता बांधता. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं तिनं एकटीनं सराव केला. कुठल्या सामन्यासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही.

विचारायचे ते वेगळंच. रस्त्यावर चक्की चालवणारा दामूभाऊ रोज सकाळी शटर उघडताना आवाज द्यायचा. "काय वो वच्छलाबाई, दिवसभर वेचणी करता, त्यानं आंग नाही दुखत काय? ऑलिम्पिकले जाऊन राह्यल्या काय?"

"जातो ना! तुमच्या चक्कीचा पट्टा द्या, दोरी जुनी झाली माही."

पण एकदा ती दामूभाऊसमोर थांबली आणि हसली नाही. म्हणाली, "कामानं आंग झिजते दामूभाऊ, कसरतीनं आंग जुळते. काम मालकाचं असते, शाळेचं असते. ह्या शंभर उड्या माह्या हायेत. ह्यात कोनाचा वाटा नाही."

मी कामगारांच्या हक्कांवर बरीच भाषणं ऐकली आहेत, काही केलीही आहेत. ह्या चार वाक्यांच्या तोडीचं एकही नव्हतं. हळूहळू तिच्यामागे आणखी बायका जायला लागल्या. शेजारची शांताकाकू आधी 'वारं घ्यायला' म्हणून यायची, मग वारं घेता घेता उड्या मारायला लागली. पाच-सहा जणी झाल्या. मी कॉलेज सोडून संघटनेचं काम करायला लागले तेव्हा मीही जायचे. धापा टाकत मागे पडले की मावशी वळून म्हणायची, "अवो पुढारी, मोर्चा कुठवर आला?"

मी पत्रकं लिहायचे, अजूनही लिहिते. मावशी माझं प्रत्येक पत्रक शेवटपर्यंत वाचायची, आणि वाचून झालं की त्यात खिचडीसाठी मिरच्या बांधून न्यायची. एकदा म्हणाली, "बाई, तुह्या पत्रकात बारा मागन्या असतेत. साहेब त्यातली सगयात सोपी पुरी करते अन् अकरा खिशात घालते. एकच मागत जाय. देल्याशिवाय हटू नको." मी तिला संघटनेची भूमिका समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं आणि मिरच्या बांधल्या.

त्या वर्षी श्रावणात फाट्याजवळच्या पुलाच्या उतारावर तिचा पाय चिखलात रुतला आणि अंग वळलं. तुरीची शेंग तडकावी तसा गुडघ्यातून आवाज आला, असं ती सांगायची. लिगामेंट तुटलं होतं. दसरा झाल्यावर जिल्ह्याच्या गावी ऑपरेशन झालं. सरकारी योजनेतून झालं आणि चांगलं झालं, ते मी नाकारत नाही. डॉक्टरही भला माणूस. त्यानं इंग्रजीत एक कागद लिहून दिला आणि म्हणाला, "माझं काम झालं, आता तुमचं. टाके काढायचे आणि त्याच दिवसापासून तालुक्याच्या दवाखान्यात व्यायामाच्या खोलीत जायचं. काय करायचं, काय नाही, ते तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडम शिकवतील."

मावशीला एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला तो कागद दाखवायची. "पाह्य वो शांता, डॉक्टरनं मले गोयी नाही लिहून देली. कसरत लिहून देली! आता दामूभाऊले म्हना, हस म्हना."

तर तो सोमवार. टाके निघाले. मावशीनं पिशवीतून कॅनव्हासचे बूट काढले, कारण व्यायाम शिकायचा होता. मी तिला धरून व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीपर्यंत नेलं. खोलीला कुलूप होतं. खिडकीतून आत पाहिलं. चालायचा सराव करायच्या दोन समांतर दांड्या होत्या आणि त्यांच्यावर, खाली, टेबलावर, छतापर्यंत खोकीच खोकी. खोक्यांवर चित्रं होती: फवारणीचे मास्क, हातमोजे, चष्मे.

कारकुनाला विचारलं. तो म्हणाला, "शेतकऱ्यांना वाटायचे आहेत. साहेबांच्या हस्ते. साहेबांची तारीख मिळाली की खोली मोकळी."

"आणि मॅडम?"

"खोलीच नाही तर मॅडम काय करतील? त्यांना दुसऱ्या तालुक्याला लावलं."

मावशी काठीवर टेकून उभी होती. तिनं शांतपणे विचारलं, "साहेबाचे हात कुठी गुतले हायेत, बाबू?"

कारकून हसला नाही. "आठ-पंधरा दिवसांनी या, आजी. तोवर आराम करा."

भिंतीपलीकडच्या वॉर्डात फवारणीचं विष चढलेली दोन माणसं पडून होती. डोळ्यांवर ओली फडकी. मास्क भिंतीच्या अलीकडे, माणसं पलीकडे. त्या भिंतीची जाडी वीतभरही नसेल. मी आरडाओरडा केला. शिपायानं मला बाहेर काढलं. त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं. बारा मागण्या होत्या. व्यायामाची खोली नवव्या क्रमांकावर होती.

आणि मग आम्ही मावशीला आराम दिला.

आमच्याकडे रीत आहे. दवाखान्यातून कुणी हातपाय मोडून घरी आलं की शेजारच्या बाया त्याला नव्या कापसाची उशी करून देतात. कापूस गिरणीतला चालत नाही. पहिल्या वेचणीचा घ्यायचा आणि सरकी हातानं काढायची, म्हणजे तो मऊ राहतो. त्या वर्षी बोंडं अळीनं पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला. तरी शांताकाकू आणि बाकीच्या बाया वेचणीहून येताना चांगला कापूस पदरात निवडून आणायच्या, एकेका बोंडातून पांढरी पाकळी तेवढी वेगळी काढून. दिवाळीच्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी विहाराच्या ओट्यावर बसून सरकी काढली. खोळ मी शिवली. मोर्चाच्या जुन्या फलकाचं जाड कापड होतं. धुऊनही त्यावर 'मिळालंच पाहिजे' ही अक्षरं पुसट दिसत होती. मला ते फार छान वाटलं होतं.

उशी आम्ही मावशीच्या गुडघ्याखाली ठेवली.

"अवो, उशी डोक्याखाली ठेवतेत," मावशी म्हणाली. "पाय लंबा करू द्या मले."

"लंबा केला की दुखतो ना?"

"दुखते तं. दुखल्याबिगर काय होते?"

"ठेव मावशी," मी म्हणाले. "माझ्यासाठी ठेव."

तिनं ठेवली. गुडघा उशीवर वाकला आणि दुखणं थांबलं. तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला आणि आम्ही सगळ्या एकमेकींकडे पाहून हसलो. प्रेमानं केलेली चूक अशी असते, पहिल्या दिवशी ती गुणकारी वाटते.

मावशी स्वस्थ पडणारी नव्हतीच. सरकीची पिशवी घोट्याला बांधून ती पडल्या पडल्या पाय उचलायची, दोन्ही वेळा, मोजून. पण उचलून झाला की पाय परत उशीवर. झोपताना उशीवर. पंधरा दिवसांनी मी दवाखान्यात गेले, कुलूप. महिन्यानं गेले, कुलूप. तिसऱ्यांदा मी गेलेच नाही. मुकुटबनला सभा होती.

संक्रांतीनंतर साहेबांचे हात मोकळे झाले. शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायचं काम चाललं होतं. फवारायला काही उरलं नव्हतं. तेव्हा मंडप टाकून मास्क वाटले गेले. लोकांनी ते घरी नेऊन खुंटीला लावले. व्यायामाची खोली उघडली आणि आठवड्यातून एक दिवस मॅडम यायला लागल्या.

त्या माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मावशीला टेबलावर उताणं झोपवलं आणि म्हणाल्या, "गुडघा टेबलाला टेकवा, मावशी." मावशीनं दात आवळले, कपाळावर घाम आला, पण गुडघा टेकला नाही. त्याच्याखालून माझी मूठ गेली असती. मॅडमनी हळूच दाबून पाहिलं आणि मग एकच प्रश्न विचारला. "गुडघ्याखाली उशी ठेवत होता का?"

मावशीनं मान डोलावली.

"ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी ठेवली की तो वाकलेलाच आखडतो. हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली, म्हणजे गुडघा आपल्या वजनानं सरळ होतो." त्या थोड्या चिडल्या होत्या. "कुणी सांगितलं होतं ठेवायला?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मावशी बोलली.

"मीच ठेवत होतो, मॅडम. आराम वाटे."

तीच उशी, त्याच बायांनी निवडलेला तोच कापूस. फूटभर खाली सरकवली असती तर उपचार झाला असता. तेवढं एक वाक्य त्या कुलपामागे होतं, मास्कच्या खोक्यांबरोबर. परतताना बसमध्ये मी रडायला लागले तेव्हा मावशी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "रडू नको. तुवा उशी देली. ज्यानं कुलूप लावलं, तो रडून राह्यला काय?"

त्यानंतर तिनं वर्षभर सगळं केलं. टाचेखाली उशी, गुडघ्यावर सरकीची पिशवी, ओठ दाताखाली. मी शाळेतला जुना कोनमापक काढून तिच्या गुडघ्याला लावायचे. ती विचारायची, "किती सुटला?" सुरुवातीला थोडा सुटला, मग थांबला. मॅडम म्हणाल्या, पहिले तीन महिने गेले ते गेलेच. पुन्हा ऑपरेशन करून पाहता येईल, पण खात्री नाही. मावशी म्हणाली, "नको. मंग पुन्हा आराम करा म्हनतीन."

आता ती लंगडत चालते, फाट्यापर्यंत नाही, चक्कीपर्यंत. दामूभाऊ तिला पाहून शटरकडे तोंड फिरवतो. त्याची थट्टा गेली, याचं मावशीला गुडघ्याइतकंच वाईट वाटतं. ती पडली तेव्हा बाकीच्या बायांचंही सकाळचं जाणं बंद झालं होतं. मावशीनंच ते परत सुरू केलं. दोराचं एक टोक विहाराच्या खांबाला बांधते, दुसरं हातात घेऊन ओट्यावर बसते आणि फिरवते. शांताकाकू उड्या मारते, मावशी मोजते. परवा मी जवळ जाऊन हाक मारली, तर दोर थांबला. "टोकलं का? पुन्हा एकपासून." मी पाहिलं, तिच्या पायात बूट होते. कॅनव्हासचे, खडूनं पांढरे केलेले.

उशी तिनं मला परत दिली आहे. "माह्या कामाची नाही आता," म्हणाली. "तुले बसाले कामी पडन."

मी पुन्हा पत्रक लिहायला बसले तेव्हा बारा मागण्या सुचल्या. अकरा खोडल्या. राहिलेली एक साहेबांकडे नाही, तुमच्याकडे आहे. हे वाचून झालं की तुमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. सकाळी साडेदहाला. व्यायामाची खोली कुठे आहे ते विचारा आणि तिच्यासमोर उभे राहा. कुलूप असेल तर उघडायला लावा. खिडकीतून खोकी दिसली तर ती बाहेर काढायला लावा. कुणीतरी नोंदवहीतून मान वर न करता म्हणेल, आठ-पंधरा दिवसांनी या, तोवर आराम करा. तुम्ही आराम करू नका. तिथेच, दारासमोर, पाय लांब करून बसा आणि खोली उघडेपर्यंत उठू नका. बसायला उशी हवी असेल तर माझ्याकडून घेऊन जा.