कुसुमच्या बाबांची हजेरी

कारंज्याच्या शाळेत आजवर जेवढी मुलं शिकून गेली, त्यांत सर्वांत नियमित विद्यार्थी म्हणून कुणाचं नाव घ्यायचं झालं तर ते माझ्या मैत्रिणीच्या, कुसुमच्या बाबांचंच घ्यावं लागेल. आम्ही तापानं, पाहुण्यांनी, बाजाराच्या दिवशी शाळा बुडवली; त्यांनी कधीच नाही. खरं तर ते संत्र्याच्या बागेचे मालक. बाग शाळेच्या कुंपणाला लागून होती आणि घर बागेतच, हे एक निमित्त. पण बाग दहा कोस लांब असती तरी ते आले असते, असं मला अजूनही वाटतं.

पहिलीच्या पहिल्या दिवशी ते कुसुमला सोडायला आले आणि मागच्या टाटपट्टीवर मांडी घालून बसले. गुरुजींनी विचारलं, “आपण?” तर म्हणाले, “पोरीले पहिल्यांदाच सोडून राह्यलो जी. बसतो थोडा वेळ.” हा थोडा वेळ आठवीपर्यंत चालला. सकाळी बागेचं काम आटोपायचं, पांढरी टोपी झटकून घालायची आणि प्रार्थनेला हजर. पाढे म्हणताना त्यांचा खर्जातला आवाज आमच्या सगळ्यांच्या वर निघे. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, “एकोणीस सक किती?” सगळा वर्ग छताकडे बघू लागला. गुरुजींचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून आवाज आला, “एकशे चवदा!” साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “हा विद्यार्थी कोण?” गुरुजी हळूच म्हणाले, “पालक आहेत, साहेब.” साहेब सज्जन असावेत. त्यांनी आमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. पुढं महिनाभर पानठेल्यावर कुणी कशाचाही विषय काढला, तरी बाबा तो एकोणीस सकावर आणून सोडत.

स्नेहसंमेलनाची गोष्ट तर विचारूच नका. आमचं नाटक बसत होतं आणि कुसुम त्यात झाड होती. बाबा तडक गुरुजींकडे गेले. “तीन दिवस झाले, पोरगी हात वर करून उभी हाये. एक शब्द तरी द्याना जी तिले!” गुरुजींनी कंटाळून एक वाक्य दिलं : “वाटसरू, ये, माझ्या सावलीत बस.” घरी या वाक्याची इतकी तालीम झाली की शेजारच्यांनाही ते पाठ झालं. ऐन वेळी मात्र कुसुमची वाचा बसली. झाड गप्प, वाटसरू गप्प. तेव्हा पहिल्या रांगेतून बाबा गरजले, “वाटसरू, ये, माझ्या सावलीत बस!” आमचा वाटसरू आज्ञाधारक मुलगा. तो मंचावरून उतरला आणि निमूटपणे बाबांच्या शेजारी जाऊन बसला. बाबांनी त्याला मांडीवर घेतलं आणि उरलेलं नाटक दोघांनी मिळून पाहिलं.

आठवीत कुसुम म्हणाली, “बाबा, आता मी मोठी झाली. तुमी शाळेत येत नोका जाऊ. पोरी मले हासतात.”

हसणाऱ्यांत मीही होते.

बाबा एवढंच म्हणाले, “बरं.” आणि खरंच यायचे बंद झाले. पण आमच्या वर्गाच्या खिडकीसमोर कुंपणापलीकडे संत्र्याची तीन झाडं होती. त्या झाडांना अचानक फार तहान लागू लागली. सकाळी गणिताच्या तासाला बाबा आळी करताना दिसत, दुपारी इतिहासाच्या तासाला पाणी देताना. बाकीची बाग कोरडी आणि ही तीन झाडं चिखलात उभी. दोन वर्षांत त्यांची मुळं कुजली, पानं पिवळी पडली. कृषी खात्याचे साहेब म्हणाले, “इतकं पाणी कुणी देतं का?” बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “चुकलंच जी.” कुसुमनं खिडकीतून ती झाडं तोडली जाताना पाहिली. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही.

दहावीच्या वर्षी कुसुमसाठी एक स्थळ आलं. चांगलं बागायतदार घर होतं. काकांना आणि आजीला पसंत. पाहुणे ओसरीवर बसले, पोहे झाले, तेव्हा बाबा हात जोडून म्हणाले, “आता नाई जमणार. आमचं बोर्डाचं वर्ष हाये. आमची भूमिती कच्ची हाये.” पाहुणे उठून गेले. काका महिनाभर बोलले नाहीत. दाराआड उभ्या असलेल्या कुसुमनं मात्र तो ‘आमची’ शब्द नीट ऐकला होता.

पहिल्या पेपरच्या सकाळी मी तिला बोलवायला गेले, तर ती पेनात शाई आहे का ते तिसऱ्यांदा बघत होती. ती बागेत गेली आणि म्हणाली, “बाबा, सोडाले येता?” बाबा धुतलेली टोपी घालून झाडाला पाणी देत उभे होते. बादलीत पाणी नव्हतं.

ते शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि पेपर संपेपर्यंत बाहेर निंबाखाली उभे राहिले. आम्ही बाहेर आलो तेव्हा आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त घाम आला होता. कुणाकडून तरी प्रश्नपत्रिका मिळवून त्यांनी ती दोनदा वाचली होती. “दुसरा प्रश्न कसा गेला? मले तर लय कठीण वाटला.”

कुसुम पास झाली. तिला सेवाग्रामला नर्सिंगला प्रवेश मिळाला. तिला पोहोचवायला बाबांसोबत मीही गेले. वसतिगृहाच्या दाराशी तिथल्या रेक्टरबाई म्हणाल्या, “पुरुषांना इथून पुढं येता येणार नाही.” बाबांनी ट्रंक खाली ठेवली. कुसुम रडू लागली, तसे म्हणाले, “रडतेस काऊन? मी काई रोज नाई येणार आता.” हे ऐकून ती आणखीच रडली. मग तिनं ट्रंक उचलली आणि आत गेली.

परतीच्या एसटीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. वर्धा मागं पडलं. मग ते एकदम माझ्याकडे वळले. “तू अकरावीत ना बाई? सोमवारी पयला तास कायचा असते?”

माझ्या घरी हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी सांगू लागले : सोमवार, मंगळवार, बुधवार, एकेक तास. बाबा मान डोलवत ऐकत होते. कारंजा आलं तेव्हा आम्ही शनिवारावर होतो, आणि ते उतरायचं विसरले होते.