आधी विचारायचं की आधी सांगायचं

धुळ्याच्या दवाखान्यात तो तरुण डॉक्टर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला, मोबाइल खिशात टाकला आणि म्हणाला, "मावशी, पेशंटबद्दल तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?" तेवढ्यावरूनच मला कळलं की शैला गेली. कारण हे असंच विचारायचं असतं, हे मला माहीत होतं. आधी बसायचं, मग विचारायचं, मग 'बातमी चांगली नाही' म्हणून थांबायचं आणि मग सांगायचं. तो तसाच थांबला... माझ्या तोंडून निघालं, "काल तर चांगली बोलली माझ्याशी." माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय माहीत, ते वाक्य मी कधीचं पाठ केलेलं होतं. खोटं नव्हतं, ती आदल्या दिवशी बोललीच होती. पण पाठ केलेलं होतं. रडू आलं तेव्हाही मला नीट समजेना, हे कुठलं रडू.

शैला माझी सून. आम्ही असोद्याला राहतो, ती जळगावच्या नर्सिंग कॉलेजात शिकवायला जायची. एका उन्हाळ्यात ती मला म्हणाली, "आई, पोरींना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकवायचंय. तुम्ही पेशंटची आई व्हा." मी म्हटलं, "कोण मरणार आहे?" "कोणी नाही." "मग मी रडू कशाला?" तिचं माहेर धुळ्याकडचं, हसायला लागली की तिकडची बोली निघायची. म्हणाली, "आई, नाटक शे, पन पोरे खरा शेतस." नाटक असलं तरी पोरी खऱ्या आहेत म्हणाली, म्हणून मग गेले. कॉलेजच्या एका खोलीत दोन खुर्च्या मांडलेल्या, पोरी एकेक करून यायच्या, पुस्तकात दिलंय तसं आधी विचारायच्या आणि मग मला माझ्या नसलेल्या मुलीचं मरण सांगायच्या. दर वेळी मी पाठ केलेलं तेच म्हणायचे, 'काल तर चांगली बोलली माझ्याशी.' एकीने इतकं आडून आडून विचारलं की मला वाटलं, बिल भरायला सांगतेय. दुसरी सांगता सांगता स्वतःच रडायला लागली, तिला मीच पाणी पाजलं.

यावर मग लेख लिहायचं ठरलं. शैला, धुळ्याला डॉक्टरकीच्या मुलांना शिकवणारे महाजन सर आणि जळगावात औषधांचं शिकवणाऱ्या फरीदा मॅडम, अशी तिघं मिळून. रविवारी आमच्याकडे जमायचे. एक लेख तिघांनी कसा लिहायचा, हे चौथी शिकलेल्या मला कळणार नाही हे ठीक, पण त्यांना तरी कळत होतं का, कोण जाणे. एकाने वाक्य लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं, तिसऱ्याने म्हणायचं की पहिलंच बरं होतं. तिघांना पटेल तेच वाक्य राहणार, असं त्यांचं ठरलेलं. आणि एका वाक्यावर सगळं अडलं. सरांचं म्हणणं, नातेवाइकांना आधी काय माहीत आहे ते विचारा, मग पायरीपायरीने सांगा. शैलाचं म्हणणं, ज्याचं माणूस गेलंय त्याला प्रश्न विचारू नका. पहिल्याच वाक्यात सांगा आणि मग हवा तितका वेळ त्याच्याजवळ बसा.

"सर, तुम्ही माणसाला दाराबाहेर उभं ठेवता."

"आणि तुम्ही, मॅडम, ते दारच त्याच्या अंगावर पाडता."

फरीदा मॅडम ताट पुढे ओढून म्हणायच्या, "दाराचं नंतर बघा, भरीत गार होतंय."

शैला हटली नाही. त्या वाक्याचं काय ते ठरवायलाच ती धुळ्याला गेली होती. सरांच्या ऑफिसात बोलता बोलता डोकं धरून खाली बसली. डोक्यातली नस फुटली, असं नंतर सांगितलं.

तेरावं झाल्यावर सर आणि मॅडम घरी आले. लेख मासिकाकडे पाठवायचा होता. शैलाचं नाव ठेवावं तर तिला न पटलेलं वाक्य तिच्या नावावर जाणार. नाव काढावं तर अर्ध्याच्या वर लेख तिनेच लिहिलेला. माझा मुलगा म्हणाला, "नाव आलंच पाहिजे. एका वाक्याचं काय घेऊन बसलात?" सर माझ्याकडे वळून म्हणाले, "अक्का, नाटकातलंही तुम्ही पाहिलं आणि खरंही. तुम्हीच सांगा, तिचं बरोबर होतं का?"

त्या डॉक्टरने बसल्याबरोबर 'गेल्या' म्हटलं असतं तर? त्याने विचारत राहावं आणि मी उत्तरं देत राहावं, तोवर तरी ती होती, असं कधी वाटतं. आणि कधी वाटतं की तेवढा वेळच सगळ्यात वाईट होता, ती गेल्याचं मला कळलं होतं आणि तरी शहाण्यासारखी उत्तरं द्यावी लागत होती... त्या पोराचा काही दोष नाही. त्याला शिकवलं तसं तो वागला, आणि चांगलंच वागला.

मी सरांना एवढंच म्हटलं, "बरोबर कोण ते मला विचारू नका. पण ती नाही म्हणाली होती. ती मेली म्हणून तिच्या नाहीचं हो करू नका."

त्यांनी मग तसंच लिहिलं. इथे आमचं तिघांचं जमलं नाही, एकाचं मत असं, दुसरीचं तसं. नाव ठेवलं. लेख गेला आणि थोड्या दिवसांनी परत आला. तपासणाऱ्यांनी कळवलं होतं, वाचणारा गोंधळतो, दोन्हींपैकी एक काय ते ठरवा.

गेल्या रविवारी दोघं पुन्हा आले. मी मागे कपडे वाळत घालत होते. आतून मोठा आवाज आला, "अहो, ज्याचं माणूस गेलंय त्याला प्रश्न कसले विचारता?" माझ्या हातातलं पातळ खाली पडलं. आत येऊन बघते तर बोलणारे महाजन सर. फरीदा मॅडम म्हणत होत्या, "सर, आधी विचारावं हे तर तुमचंच म्हणणं होतं ना?"

"होतं. अजूनही आहे. पण तिच्या बाजूने कोणी भांडायचं?"

आणि टेबलावर बोट आपटत ते स्वतःचंच वाक्य खोडायला लागले. शैला असंच बोट आपटायची. मॅडमनी त्यांचा हात धरला, म्हणाल्या, थांबा, तुमचं वाक्य राहू द्या. मी दारातच उभी राहिले. कोणाला थांबवावं, ते मला कळेना...