गाडीवरचा ओरिजिनल खोका

भिवंडीच्या एसटी स्टँडबाहेर एक माणूस हातगाडीवर गेमच्या नकली सीड्या विकायचा. प्रत्येक सीडी सदऱ्याच्या टोकाने पुसायचा, उन्हात तिरकी धरून बघायचा आणि मगच गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. मी येताजाता त्याला चोरीवर व्याख्यान देत असे, कारण मी ठाण्याहून ओरिजिनल गेम विकत आणला होता. आमच्या इमारतीत तेवढा प्रामाणिक मीच, हे जिन्यात भेटेल त्यालाही ऐकवायचो.

या ओरिजिनल गेमची अट अशी, की दर वेळी सीडी आत घातल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही. आमच्या खिडकीखाली लूमचा कारखाना, त्यामुळे घरभर कापसाचे तंतू उडायचे. घालून-काढून, पुसून-पुसून सीडीवर ओरखडे पडले. मग सीडी आत असतानाच कॉम्प्युटर म्हणायला लागला, ‘ओरिजिनल सीडी घाला.’

शेवटी गेमचा खोका पिशवीत लपवून मी त्या सीडीवाल्याच्याच गाडीपाशी गेलो. तो हसेल, अशी मनाची तयारी केली होती. त्याने हात पुसले आणि प्रसाद घ्यावा तसा खोका दोन्ही हातांनी घेतला.

“साहेब, पैसं देऊनपन गेमला तुमच्यावर भरोसा न्हाय,” तो म्हणाला. “आपला माल कोनाला काय इचारत न्हाय.”

त्याच्याकडून घेतलेली नकली सीडी घरी लगेच चालली. माझा खोका त्याने सीडीसकट गाडीवर मांडायला मागून घेतला, गिऱ्हाईकाला बरं वाटतं म्हणून. तेव्हापासून मी रस्त्याच्या समोरच्या बाजूने जायला लागलो. तिथूनही तो खोका दिसायचाच. त्या गाडीवर अस्सल माल तेवढा एकच होता, आणि तोच चालत नव्हता.