बडे बाबूंची यादी

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला. पण स्वतःला नोकरीवरून काढल्याची यादी स्वतःच, एकही चूक न करता, तीन प्रतींत टाइप करणारी बाई अख्ख्या वर्धा जिल्ह्यात दुसरी झाली नसेल. यातलं अर्धं श्रेय आमच्या बडे बाबूंचं.

बडे बाबू म्हणजे आमच्या कापड गिरणीचे हेडक्लार्क, मूळचे समुद्रपूरकडचे. कागदावर इतका जीव असलेला माणूस देवाने पुन्हा घडवला नाही. नवी पेन्सिल हवी तर जुनीचं थोटूक दाखवायचं. ते करंगळीला लावून मोजायचे आणि "आठ दिवस चालते अजून" म्हणत परत करायचे. कार्बन उजेडाला धरून पलीकडचा कडुलिंब स्पष्ट दिसेपर्यंत तो वापरायचा. एकदा ऐन मे महिन्यात मी पंख्यासाठी अर्ज केला. अर्जावर शेरा, शेऱ्याला जावक क्रमांक असं करत मंजुरी आली, तेव्हा मी स्वेटर घालून बसले होते.

मीही काही कमी नव्हते. नोकरीला लागले तेव्हा बावीस वर्षांची, पदवीधर आणि शिष्ट. मजकूर वाचणं हे आपलं कामच नव्हे, आपण फक्त टाइप करतो, असं मी मिरवायची. बोटं यंत्रावर, मन नव्या साडीच्या फॉलवर.

पुढे गिरणी डबघाईला आली. एका दुपारी बाबूंनी कमी करायच्या माणसांची हस्तलिखित यादी माझ्यापुढे ठेवली आणि, नवल म्हणजे, न मागता दोन कोरे कार्बन दिले. मग बराच वेळ टेबलाशी उभे राहिले. मला वाटलं, कार्बनवर पहारा आहे. मी झरझर टाइप करून कागद त्यांच्या हाती दिले.

सही होऊन यादी फळ्यावर लागली, तेव्हा शिपायाने येऊन सांगितलं की बाई, तुमचंही नाव आहे. घरात कमावती मी एकटीच. तरातरा बाबूंकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. इतकी वर्षं मान मोडून काम केलं, त्याचं हे फळ का, लिहिताना हात कसा चालला, सगळं विचारलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि यादीची तिसरी प्रत माझ्यासमोर सरकवली.

"पोरी, रागावजो मंग. आधी वाच. पहिलं नाव माह्यं हाय. मले वाटलं, तू तिथंच थांबशीन, मंग तुह्यं नाव मीच सांगीन."