तिच्या प्रोफाइलवर लिवलंय की

अन्याय माझ्यावर झाला. गणपती बसायच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, आमच्या समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सगळ्यांच्या देखत.

समिती राजारामपुरीतली, फुटपाथ मोकळे करा म्हणणारी. पत्रकं मी लिहायचे. त्या दिवशी अध्यक्षांचा वाढदिवस होता, आणि आमच्याच लोकांनी शुभेच्छांचा फ्लेक्स उभा केला होता. कोपऱ्यावर, बरोबर फुटपाथवर! वॉकर घेऊन चालणाऱ्या शेजारच्या आजी त्याला वळसा घालायला रस्त्यावर उतरल्या, रिक्षा करकचून थांबली. मी समोरच होते. ग्रुपवर केक आणि हारांचा पाऊस चालू होता. त्यात मी लिहिलं, "फ्लेक्स फुटपाथवर आहे. आजींना रस्त्यावर उतरावं लागलं. आज काढा."

केक थांबले. मग सचिवांनी लिहिलं, "कुणी मनावर घेऊ नका. तिच्या प्रोफाइलवर लिवलंय की, तिला तसं हाय म्हणून." अध्यक्षांनी अंगठा दिला. परत केक सुरू.

ती ओळ मीच लिहिली होती. 'मी न्यूरोडायव्हर्जंट आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडण वेगळी आहे. मी सरळ बोलते, टोमणे मारत नाही. काही खटकलं तर मलाच विचारा.' समितीतल्या एक काकू एकदा म्हणाल्या होत्या, "ये की जेवायला कधीतरी." मी डायरी काढून विचारलं, "कधी? किती वाजता?" त्यांना वाटलं, मी टर उडवतेय. दोन महिने बोलल्या नाहीत. म्हणून ती ओळ घातली, जिथं जिथं माझं खातं आहे तिथं. काकूंनी वाचली आणि फोन केला, "आधी सांगायचं न्हाईस व्हय गं? रविवारी ये. एक वाजता." पांढऱ्या रश्शाच्या तीन वाट्या प्यायले. ओळ कामाची आहे असं तेव्हा वाटलं.

गुरुवारनंतर मी ती काढून टाकली आणि फ्लेक्सचं तेच वाक्य सचिवांना फोनवर सांगितलं. "लई शहाणी झालीस व्हय? मोठ्यांशी असं बोलत्यात?" ओळ परत घातली. दुसऱ्या दिवशी सचिव भेटले तर आवाज एकदम मऊ, "बरं वाटतंय न्हवं आता, बाळ?" मला काय ताप आला होता?

आई म्हणाली, जरा गोड लिही. तेही केलं. 'आदरणीय अध्यक्षकाका, आपणास शक्य झाल्यास...' असं दहा ओळी. उत्तर आलं, "बघ, जमतंय की तुला!"

फ्लेक्स तिथंच. आजी आता घराबाहेरच पडत नाहीत. मी त्या ग्रुपवर काहीतरी टाइप करते, पुसते, परत टाइप करते. काय लिहिलं तरी लोक आधी माझी ओळ वाचणार आणि तिथंच थांबणार. काकूंनीही गुरुवारचं सगळं वाचलं होतं, निळ्या खुणा दिसतात. त्यांनी मला वेगळा मेसेज केला, "जाऊ दे गं."

मी जाऊ देणार नाही. तुमच्याही ग्रुपवर अशी ओळ लिहिणारं कुणीतरी असेल. त्याच्याबद्दल कुणी 'मनावर घेऊ नका' म्हणालं, तर नंतर गुपचूप मेसेज करू नका. तिथंच, सगळ्यांच्या देखत विचारा : फ्लेक्स फुटपाथवर आहे की नाही?