शामलाच्या फाइलीवर पत्रिका

गांधीबागेतल्या एका छापखान्यात मनोहररावांनी उभी हयात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवली. कापडवाल्यांची बिलं, लग्नाच्या पत्रिका, दुःखाच्या पत्रिका. माणूस कसा म्हणाल, तर महाहट्टी! नवं काम आलं की जुनीच चौकट घ्यायची, आतले खिळे उपसायचे, नवे बसवायचे. मुळापासून सुरुवात करा म्हटलं की कपाळाला आठी पडलीच.

छापखाना बंद झाला तेव्हा मुलगी मिनलने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा एक एडिटर टाकून दिला. काळा पडदा, नुसती अक्षरं, माउसची भानगड नाही. काय हुकूम द्यायचा तो तळाच्या ओळीत टाइप करायचा. मनोहररावांना तो एकदम पसंत पडला. मिनलने तेवढं बजावलं होतं, “बाबा, फाइलीच्या नावात अक्षरं न् आकडेच घाला. बाकीच्या चिन्हांचा ते ओळ भलताच अर्थ लावते.”

पुढे शामलाबाईंनी अंथरूण धरलं. त्या सांगायच्या आणि मनोहरराव उशाशी बसून टाइप करायचे. नवऱ्याची शिकवणीच म्हणा ना! “पातोडीचं बेसन घोटता घोटता हात थांबवू नका. मिनलवर चिडू नका, ते तुमच्यावरच गेली आहे. अन् मी जसं बोलून राहिली तसंच लिहा, शुद्ध कराले जाऊ नका.” फाइलीचं नाव ‘शामला’. एकुलती एक प्रत. मिनल म्हणायची, दुसरी करून ठेवा. हे म्हणायचे, एकच आहे म्हणून तर जपतो.

शामलाबाई गेल्या. फोन, निरोप, सगळं शेजाऱ्यांनी केलं. ‘शामला गेली’ एवढे दोन शब्द वर्षभरात मनोहररावांच्या तोंडून निघाले नाहीत. कुणी विचारलं की मान खाली घालायचे. वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यांनी आपली सोपी वाट काढली. पत्रिका छापू, पाठवून देऊ, काय ते कागदच सांगेल.

दुपारी जेवून बसले. सवय थोडीच सुटते! त्यांनी ‘शामला’ फाइलच उघडली, कारण वर तिचं पूर्ण नाव, माहेर, सगळं बिनचूक होतं. खालचं पुसलं आणि तिथे पत्रिकेचा मजकूर टाइप केला. नव्या नावाने सेव्ह केलं की जुनी फाइल जशीच्या तशी राहते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता नाव. दुःखाच्या पत्रिकेवर त्यांच्या छापखान्यात श्री छापत नसत, पण कामाच्या पुडक्यावर मालक खडूने श्री लिहीतच, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा ओढून. पुडकं आता राहिलं नाही, फाइलीचं नाव आहे. देवाचं नाव घ्यायला कशाची बंदी? त्यांनी सेव्हचा हुकूम w टाइप केला, मग दोन उभ्या रेघा, श्री, परत दोन रेघा, पुण्यस्मरण, आणि एंटर दाबलं.

आता उभी रेघ म्हणजे त्या ओळीच्या लेखी एक हुकूम संपला, दुसरा सुरू. पहिला हुकूम उरला नुसता w. म्हणजे, जे आहे ते आहे त्याच नावाने ठेव. तळाशी उमटलं की ‘शामला’ सेव्ह झाली, आणि पाठोपाठ, ‘श्री’ असा हुकूम नाही.

बायकोच्या बोलण्यावर बायकोच्याच मरणाची पत्रिका चढली होती, आणि चढवली होती मनोहररावांनी स्वतः. त्यांनी कसाबसा मिनलला फोन लावला.

“मिनल, म्या तुह्या आईले पुसून टाकलं वं!”

सगळं ऐकून घेतल्यावर तिने एकच विचारलं, “एडिटर बंद केला काय?”

“नाही. हात लावाची हिंमतच होऊन नाही राहिली.”

“मंग काही गेलं नाही. एस्केप दाबा, अन् मंग u दाबत राहा, केलेलं एकेक मागं जाते.”

त्यांनी दाबलं. पत्रिकेतली वेळ आणि ठिकाण गेलं. ‘शोकाकुल परिवार’ गेला. ‘प्रथम पुण्यस्मरण’ गेलं. वरच्या नावाखाली नुसता काळा पडदा उरला, तेव्हा त्यांचं बोट अडलं.

“अजून एकदा, बाबा.”

दाबलं, आणि शामला सगळीच्या सगळी परत आली. बेसन, मिनल, शुद्ध कराले जाऊ नका. मनोहरराव ओक्साबोक्शी रडले. तिकडे मिनलही रडत होती.

“आता नुसतं w,” ती म्हणाली. “अन् पत्रिका पुन्हा कराल तेव्हा नावातल्या दर उभ्या रेघेआधी एक उलटी तिरपी रेघ द्या. मंग ते हुकूम राहत नाही, साधी रेघ होते.”

“नाही वं. तिच्या मरणाची पत्रिका आता माह्या हातून नाही होत.”

“मंग लोकांले सांगन कोण?”

मिनलचा फोन ठेवून मनोहररावांनी शामलाबाईंच्या भावाला, खाप्याच्या आनंदरावांना फोन लावला. पडदा समोर उघडाच होता.

“आनंदराव,” ते म्हणाले, आणि पडद्यावरचं तिचं नाव बघत राहिले. पलीकडून ‘बोला भाऊजी, बोला’ चाललं होतं.

“शामला गेली, आनंदराव. वर्ष होऊन राहिलं. या तुम्ही.”