चार बोटं कमी

ओदिलिया तुकुबालची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. तिच्याबद्दल सांगायला गेलं की स्वतःबद्दलही सांगावं लागतं. आता ती गेली, आणि मीही ऐंशीला टेकले, म्हणून सांगते.

ओदिलिया आमच्या चर्चचे कपडे धुवायची. वेदीवरची वस्त्रं, पाद्रींचे झगे, सगळं तीच धुणार, खळ घालणार, इस्त्री करणार. तीस वर्षं तिनं हे केलं. ‘काय पांढरीशुभ्र वस्त्रं आहेत हो आपल्याकडे,’ असं लोक म्हणायचे तेव्हा ती शेजारूनच टोपली घेऊन जात असायची. लग्न झालेलं नव्हतं. उंची जेमतेम माझ्या खांद्यापर्यंत. तिला कुणी छळलं वगैरे नाही. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही, एवढंच.

गुड फ्रायडेला आमच्या गावात मारियामातेची पालखी बायका उचलतात. एका वेळी चाळीस जणी, आणि दर गल्लीच्या टोकाला नव्या चाळीस. पालखी सरळ राहायची तर त्या चाळीस जणींचे खांदे एका उंचीला हवेत. म्हणून उपवासाच्या दिवसांतला एक रविवार मापाचा असतो. खुणा केलेल्या काठीपाशी एकेकीनं उभं राहायचं आणि पाळीची चिठ्ठी घ्यायची. सगळ्यांत उंच बायकांची पहिली पाळी. चर्चच्या दारातून निघायचं, पुढं बँड, चौकभर माणसं, रस्ताभर रंगीत भुशाच्या रांगोळ्या. बुटक्यांची पाळी शेवटची, दफनभूमीच्या मागच्या गल्लीत, तिथं बघायला कुत्रंही नसतं. ती काठी एकवीस वर्षं माझ्या हातात होती. नाक वर करून हिंडायचे मी.

त्या वर्षी ओदिलिया मापाला आली ती पायघोळ घागरा घालून. काठीपाशी उभी राहिली आणि तिचा खांदा थेट पहिल्या पाळीच्या खुणेला लागला.

“या वयात वाढलीस की काय गं?” मी विचारलं. मागच्या बायका हसल्या.

“देवाची कृपा, दोन्या ब्रिहिदा,” ती खाली बघत पुटपुटली. ब्रिहिदा मी; मानाच्या बाईला आमच्याकडे ‘दोन्या’ म्हणतात.

मीही खाली बघितलं. घागऱ्याखालून लाकडाची कड दिसत होती. बाईनं पायांना फळ्या बांधल्या होत्या. तिला बाजूला घेऊन दोन शब्द सांगता आले असते. मी चिठ्ठीवर लिहिलं, पहिली पाळी. पालखीच्या दिवशी सपाट काळे जोडे सक्तीचे असतात आणि ते दारात मीच तपासायचे. काय होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. होऊ दे फजिती, म्हटलं. मला मजा वाटली होती. आज जीव शरमेनं अर्धा होतो, पण त्या दिवशी मजाच वाटली होती.

गुड फ्रायडेला ती काळा पोशाख करून आली. डोक्यावर ओढणी, आणि खांद्यावर आतून कापडाच्या घड्या शिवलेल्या. तेवढ्यानं भागेल असं बिचारीला वाटलं होतं. बँड सुरू झाला, पालखी उचलली गेली आणि एकोणचाळीस खांद्यांवर टेकली. ओदिलियाचा खांदा, घड्या धरूनसुद्धा, चार बोटं खाली राहिला. दहा पावलं ती चवड्यांवर चालली. मग पाय थरथरायला लागले, तेव्हा हात वर करून तिनं लाकूड धरलं, बसमध्ये दांडी धरतात तसं.

“अरे, ती बघा, लोंबकळतेय!” चौकात कुणीतरी ओरडलं.

“फुकटात गाव फिरतेय बया!” दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

तिच्या मागची हेर्त्रुदिस धापा टाकत म्हणाली, “तुझा भार माझ्यावर का गं? निघ ना बाहेर.”

मी पांढरे हातमोजे घालून बाजूनं चालत होते. मीही हसले.

ती बाहेर निघाली नाही. निम्मी गल्ली तिनं रडत काढली. मग काय झालं कोण जाणे, तिनं हात खाली घेतला, पाय जमिनीला पुरते टेकले आणि मान वर करून, रिकाम्या खांद्यानं, शेवटपर्यंत चालली. हिला लाज कशी नाही, असं म्हणून मला उलट रागच आला.

ईस्टरनंतरच्या सोमवारी ती माझ्या घरी आली. मी घेवडा निवडत होते. बस म्हटलं तरी बसली नाही.

“दोन्या, मी तुम्हाला फसवलं. मापाला आले तेव्हा पायाला फळ्या बांधल्या होत्या. माफी मागायला आलेय.”

“कशाला केलंस असलं काही?”

“एकदा तरी लोकांनी बघावं म्हणून. आणि बघितलं की चांगलंच.” ती जराशी हसली. “मेल्याहून मेल्यासारखं झालं हो. पळून जाणार होते. मनात म्हटलं, देवा, आता तूही तोंड फिरव. मग ध्यानात आलं, दार लावून फळ्या बांधल्या तरी त्याला दिसल्याच असणार. माझं सोंग ठाऊक असून त्यानं मला त्याच्या आईच्या इतक्या जवळ येऊ दिलं. हाकललं नाही. सगळं बघूनही जो हाकलत नाही, त्याला मी हवी असणार, दोन्या. मग चौक हसेना का.”

त्या फळ्या देवानं बघितल्या तशा मीही बघितल्या होत्या. सांगायचं तर हीच वेळ होती. ती समोर उभी होती, दारात दुसरं कुणी नव्हतं.

“बरं, बरं. केलं माफ,” मी म्हणाले. “पुन्हा असं करू नकोस.”

तिनं माझ्या हाताला ओठ लावले आणि हलक्या पावलांनी निघून गेली.

पुढची अकरा वर्षं ती मागच्या गल्लीतली शेवटची पाळी उचलत राहिली, कुणी बघो न बघो. मापाला अनवाणी यायची. चिठ्ठीवर कुणी ‘धुणारी’ लिहायला लागलं तर थांबवून आपलं पूर्ण नाव सांगायची. काठी मी सोडून दिली होती, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

एका वर्षी राहवलं नाही तेव्हा मी पाद्रींपुढं कबुलीला बसले. फळ्या, चिठ्ठी, हसणं, सगळं सांगितलं.

“तिची माफी मागितलीत का?” त्यांनी विचारलं.

ओदिलिया तेव्हा जिवंत होती. भिंतीपलीकडच्या खोलीत वेदीच्या वस्त्रांना इस्त्री करत होती.

मी हो म्हणाले.